आईने न दिलेला निरोप

४ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

मी टिल्याचा मोठा भाऊ. गेल्या आठवड्यात त्याला तुमच्या केंद्रात सोडून गेलो तो. घरच्यांनी आठवड्याला एक तरी पत्र लिहावं असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून लिहीत आहे. मलाही पत्रच बरं. मोबाइल आहे, पण आमचं घर एका खोलीचं आणि दुकानही एका खोलीचं. जिथे बोलेन तिथे कोणीतरी ऐकतं.

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या. शाळा नववीत सुटली. पण पाटीवर अक्षर चुकलं की ते वर्षभर रस्त्यावर लटकतं आणि येणारा जाणारा हसतो, म्हणून शब्दकोश जवळ ठेवून लिहायची सवय लागली आहे. टिल्या मला त्यावरून ‘मास्तर’ म्हणतो.

हे हुंगणं कुठून सुरू झालं असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी ‘मित्रांमुळे’ म्हणालो. ते पूर्ण खरं नाही. पहिलं थिनर माझ्या रंगकामाचं होतं. ब्रश पुसायचं फडकं मी खिशात कोंबून घरी यायचो आणि शर्ट दारामागे टांगायचो. टिल्या त्या शर्टाला नाक लावून उभा असलेला मी पाहिला होता. मला वाटलं, पोराला मोठ्या भावाच्या कामाचं कौतुक आहे. मला बरं वाटलं होतं, ताई. हे लिहिताना कान गरम झाले आहेत.

आईची तब्येत बरी नसते, म्हणून तिला येणं जमत नाही. फॉर्मवर पालक म्हणून मी सही केली ती त्यामुळेच.

तो तुमच्याशी त्या एका तासात काय बोलतो? माझ्याबद्दल काही म्हणतो का? म्हणत असेल तर वाईट असलं तरी कळवा.

आपला,
टिल्याचा दादा


८ फेब्रुवारी

नमस्कार,

पत्र व्यवस्थित मिळालं. शर्टाबद्दल लिहिलंत ते सोपं नव्हतं, हे मला कळतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी देऊ शकत नाही. तो तास त्याचा आहे. त्या खोलीत तो जे बोलेल ते त्याला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही, असा शब्द मी पहिल्याच दिवशी दिला. सोळा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसांचे शब्द कसे असतात ते चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे तो माझा शब्द रोज तपासून बघतो. काल म्हणाला, “मी पळून जाणार आहे, सांगा जाऊन ऑफिसात.” मी विचारलं, खरंच जाणार आहेस? “नाही. तुम्ही सांगता का ते बघत होतो.”

हे तुम्हाला कळवायची परवानगी त्याने दिली आहे. आणखी एकाच गोष्टीची दिली. तो बहुतेक वेळ माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसतो आणि एकच विचारतो, “आई काय म्हणाली?” तुम्हाला विचारून सांगावं, असं त्याचं म्हणणं आहे.

आईंना काही कळवायचं असेल तर तुम्ही लिहून पाठवा.

समुपदेशक


१३ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

सोबत वेगळ्या कागदावर आईचा निरोप आहे. तिला सहीपुरतं लिहिता येतं, म्हणून ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. टिल्याला द्यावा.

“बाळा, झालं गेलं ते विसरून जा. मला सगळं समजलं आहे. मी तुझ्यावर रागावलेली नाही. ताई सांगतील तसं वाग आणि बरा होऊन घरी ये. तुझ्या अंथरुणाची जागा आहे तशीच आहे. आई.”

कृपया त्याचा चेहरा कसा झाला ते कळवा. म्हणजे त्याची परवानगी असेल तर.

आपला,
दादा


१८ फेब्रुवारी

नमस्कार,

परवानगी आहे, म्हणून सांगते.

चिठ्ठी हातात घेतली आणि तशीच माझ्याकडे परत दिली. “तुम्हीच वाचा,” म्हणाला. मी मोठ्याने वाचली. त्याने ‘रागावलेली नाही’ हे वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड करून बसला आणि बोलायला लागला. काय बोलला ते त्याचं आहे. पण तास संपल्याची घंटा झाली तरी उठेना. स्वयंपाकीणबाई दारात येऊन म्हणाल्या, “अरे, तुझं ताट गार झालं, आता काय ताईंनाच खाणार का?” तर हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

तुमच्या आईंनी जे केलं ते आम्हा शिकलेल्यांना महिनाभरात जमत नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा. मार्चमध्ये भेटीचा रविवार आहे, त्या दिवशी त्यांना आणा. बसमधून येववत नसेल तर आमची गाडी पाठवते.

समुपदेशक


२२ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

तो हसला हे वाचून मी पत्राची घडी खिशात ठेवली आणि दिवसभर काम करताना सारखी चाचपत होतो.

आईचं म्हणाल तर तिची कंबर फार दुखते. लाँड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री करते. गाडीतही तिला बसवत नाही. रविवारी मी एकटा आलो तर चालेल का? तिचा निरोप मी तोंडी सांगेन. गाडी पाठवू नका, खरंच नको, आमची गल्ली अरुंद आहे आणि लोक लगेच विचारतात.

दुसरं एक विचारायचं होतं. मला हल्ली झोप नीट लागत नाही, आणि रंगवताना एखादं अक्षर बरोबर आहे की नाही याची खात्रीच होत नाही. शिडीवरून उतरून लांब जाऊन बघतो, पुन्हा चढतो. मालक म्हणतात, “तुला पाटी रंगवायची आहे की प्रदक्षिणा घालायची आहे?” यावर काही उपाय असतो का?

आपला,
दादा


२७ फेब्रुवारी

नमस्कार,

तुम्ही एकटे आलात तर त्याला आवडेलच. पण तो वाट बघतोय ती आईंची. काय बोलायचं याची तयारी करतोय. केस कापून घेतले. गाडी जमत नसेल तर मी आणि तो तुमच्या घरी येऊ शकतो. तशी सोय आहे. कळवा.

तुमच्या झोपेबद्दल लिहिलंत, त्याचं उत्तर द्यायला मला वेळ हवा. ते मी टाळत नाही.

सोबत टिल्याचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही.

समुपदेशक

(सोबतचं पत्र)

मास्तर,

हे आईला वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, आणि चुका सुधारत बसू नकोस.

आई, तू रागावली नाहीस असं दादाने लिहिलं. पण तुला सगळं समजलं आहे असंही लिहिलं, ते बरोबर नाही, कारण हे कोणालाच माहीत नाही. गेल्या थंडीत तुला ताप आला होता आणि दादा बाहेरगावी पाटी लावायला गेला होता. मी खेळायला गेलो होतो असं मी सांगितलं. मी घरीच होतो. मोरीच्या दारामागे फडकं घेऊन बसलो होतो. तू पाणी मागत होतीस. माझं नाव घेऊन मागत होतीस. मला ऐकू येत होतं आणि मला उठावंसं वाटलं नाही. मग तू भिंतीला धरून स्वतः उठलीस.

हे समजल्यावर पण रागावली नसशील तर सांग. रागावली असशील तरी सांग.

टिल्या


१ मार्च

ताई,

नमस्कार लिहायची लायकी नाही.

आईला काहीच माहीत नाही. टिल्या वायरमनच्या कोर्सला गेला आहे आणि तिथल्या वसतिगृहात राहतो, असं मी तिला सांगितलं आहे. तिची कंबर ठणठणीत आहे. तो निरोप तिचा नाही. मीच शिडीवर बसून मनात जुळवला आणि घरी येऊन लिहिला.

आमचे वडील दारूने गेले. त्यानंतर आई म्हणाली होती की या उंबऱ्यात पुन्हा नशा आली तर मी उंबरा सोडेन. ती बोलते कमी आणि बोलली की करते. तिला सांगायची माझी छाती झाली नाही. आणि टिल्या तिकडे विचारत होता. मला वाटलं, आई शेवटी माफच करेल, मग आधी सांगितलं तर काय बिघडलं.

टिल्याचं पत्र मी अजून कोणाला दाखवलेलं नाही. मी ते किती वेळा वाचलं ते विचारू नका.

एक हात जोडून विनंती. त्याला सांगू नका. तो बोलायला लागला आहे, हसला आहे. मी भेटीच्या रविवारी येतो आणि आईला एकदम बरं नाही असं सांगतो. तोवर काहीतरी मार्ग काढतो. तुम्ही फक्त गप्प राहा.

दादा


३ मार्च

नमस्कार,

गप्प राहता येणार नाही.

तो माझ्यासमोर तोंड करून बसतो ते मी त्याच्याशी खोटं बोलत नाही या एका गोष्टीवर. त्याच्या तासात तुमचं खोटं मांडीखाली झाकून मी बसले, तर ती खोली आणि तो मोरीचा कोपरा यात फरक काय राहिला? (मोरीचं त्याने पत्र दिल्यावर मलाही सांगितलं. तुमच्याकडे लिहून पाठवलंच आहे, म्हणून आता तुमच्यापाशी बोलायला त्याने हरकत घेतली नाही.)

मी शुक्रवारी सकाळी त्याला सांगणार आहे. त्याआधी तुम्ही आईंना सांगा. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

आता माझं. ‘आहे तशीच आहे’, ‘समजलं आहे’, पूर्णविराम जागच्या जागी. तो निरोप तुमच्या पत्रांसारखाच होता आणि मला ते दिसायला हवं होतं. आईंना एकदाही न भेटता मी त्यांचं कौतुक केलं. मुलगा बोलावा याची मलाच इतकी घाई झाली होती की मी विचारलंच नाही. ती चिठ्ठी माझ्या आवाजात त्याच्या कानात गेली आहे. मलाही मान वर करून त्याच्यापुढे बसायचं आहे, आणि ते कसं जमेल हे आत्ता मला माहीत नाही.

समुपदेशक


७ मार्च

ताईंना नमस्कार,

गुरुवारी दुपारी सांगितलं. लाँड्रीच्या मागच्या अंगणात, जिथे धुतलेल्या चादरी वाळत असतात तिथे.

आई म्हणाली, “कोर्स नाही म्हणजे? बंद पडला?”

मी म्हणालो, तो कोर्सला गेलेलाच नाही. नशा सोडवायच्या केंद्रात आहे.

तिने चादरीचं टोक सरळ केलं. मग म्हणाली, “तुझा बाप प्यायचा तेव्हा मी साऱ्या गल्लीला सांगायचे, त्यांना पित्ताचा त्रास आहे. तू माझाच मुलगा शोभतोस. आता मलाच पित्त सांगायला लागलास.”

मी टिल्याचं पत्र वाचलं. गाळलं नाही. पाण्याचं तिने परत वाचायला सांगितलं. परत वाचलं.

“रागावली नाहीस असं दादाने लिहिलं, हे काय आहे?”

मी निरोपाचं सांगितलं. सगळा म्हणून दाखवायला लावला तिने. उभ्याने, शाळेतल्यासारखा.

“मी रागावले नाही?”

मी चादरीची चिमटी काढून पुन्हा लावली.

“मग कोण रागावलं, शेजारीण? अरे, मला आधी भांडू तरी द्यायचंस! मी त्याला नऊ महिने पोटात वागवला, मला त्याच्यावर ओरडायचा हक्क नाही? आणि ‘बाळा’ म्हणे. मी कधी कोणाला बाळा म्हटलंय का? मला विचारलं असतंस तर रडले असते, तुला दोन ठेवून दिल्या असत्या, आणि मग कदाचित माफही केलं असतं. माझी माफी तू परस्पर वाटून टाकलीस. आता नाही करत. त्यालाही नाही आणि तुलाही नाही.”

ती उंबरा सोडेल म्हणून मी घाबरत होतो ना? ती आत गेली आणि इस्त्रीवाल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाली, “माझा धाकटा वायरमन होत नाहीये. नशा करत होता. केंद्रात आहे. कोणाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला, मला अजून बरेच शर्ट उरकायचे आहेत.” एकीने तिच्यापुढचा गठ्ठा उचलून स्वतःकडे घेतला.

हे सगळं मी चादरींच्या आडून पाहिलं आणि ऐकलं. आत गेलो नाही. एवढी लाज मला वडिलांना रस्त्यातून उचलून आणतानाही वाटली नव्हती. तेव्हा निदान मी सोबत तरी होतो.

घरी ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि पाठ करते. टिल्याचं काय झालं ते कळवा. कळवता येण्यासारखं नसेल तर नुसतं ‘आहे’ एवढं कळवा.

दादा


१६ मार्च

नमस्कार,

आहे.

उत्तराला उशीर झाला, कारण कळवण्यासारखं काही होण्याची वाट बघत होते. पुढचं सगळं त्याला विचारून लिहिते आहे. “दादाला कळवाच,” असं म्हणाला.

शुक्रवारी सांगितलं तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, “तुम्ही मोठ्याने वाचली होती.” आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी तासाला आला नाही. त्यानंतरही नाही. मी रोज खोलीत जाऊन बसत होते, समोर त्याची रिकामी खुर्ची. तो फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसायचा आणि फाटक उघडंच असतं. माझं सगळं शिक्षण त्या खोलीत बसून ‘जाऊ नकोस’ एवढंच म्हणत होतं, तेही मनात.

मंगळवारी सकाळी पहिल्या बसने तुमच्या आई आल्या. हे तुम्हाला माहीत नसावं. भेटीचा दिवस नव्हता. रखवालदाराने अडवलं तर त्याला म्हणाल्या, “भेटायला नाही, भांडायला आले आहे. त्याला वार लागतो का?”

टिल्या कट्ट्यावरून उठला. “नीट उभा राहा,” त्या म्हणाल्या. तो नीट उभा राहिला. मी त्यांना माझी खोली दिली आणि बाहेर थांबले. दार बंद होतं तरी आवाज स्वयंपाकघरापर्यंत जात होता, बाईंनी भांडी घासायची थांबवली. काय बोलणं झालं ते मी लिहिणार नाही. ते त्या दोघांचं आहे. बाहेर आल्या तेव्हा दोघांचे डोळे सुजले होते. आई मला म्हणाल्या, “माफ केलेलं नाही. भेटीच्या रविवारी परत येते.” टिल्या त्यांना बसपर्यंत सोडायला गेला आणि परत आला. एकटा गेला आणि एकटा परत आला.

दुसऱ्या दिवशी तासाला आला. खुर्ची अर्धी वळवली. म्हणाला, “तुम्हाला कळायला नको होतं?” मी म्हटलं, हो, कळायला हवं होतं. “मग?” मग काही नाही, मी फसले आणि तुला घेऊन फसले. तो म्हणाला, “म्हणजे तुम्हालाही ते खरं असावं असं वाटत होतं.” हो. “मलाही.” मग राहिलेली अर्धी खुर्ची वळवली.

आता तुमच्या झोपेचं उत्तर. तुम्ही मला पत्रं लिहिता त्यात टिल्या कमी आणि तुम्ही जास्त असता. त्यात गैर काही नाही, तुम्हालाही कोणीतरी ऐकणारं हवंच. पण ती मी नाही. मी त्याची आहे. दोघांचं एकाच घागरीत भरलं तर कोणाचं काय ते कळेनासं होतं, हे आपण पाहिलं. माझे एक सहकारी तुमच्या दुकानापासून जवळच बसतात. पाठीमागे पत्ता लिहिला आहे. त्यांच्याकडे जा.

आणि टिल्याला लिहायचं असेल तर थेट लिहा. माझ्या नावाने नको, आईंच्या नावाने तर नकोच.

समुपदेशक


२० मार्च

टिल्या,

हे पत्र तुला. शब्दकोश कपाटावर ठेवला आहे आणि उतरवणार नाही.

आई माझ्याशी काल बोलली. “मीठ दे,” म्हणाली. सुरुवात आहे.

मी तिच्या नावाने लिहिलं कारण माझ्या नावाने लिहायला माझ्याकडे तसलं काही नव्हतं. मी तुझ्यावर रागावलो आहे. खूप. दातांच्या डॉक्टरांची पाटी मी चार दिवस रंगवली होती, ओली होती, तू दुकानात आलास आणि तिच्यावरून हात फिरवलास आणि हसलास. मी मालकांना सांगितलं माझाच धक्का लागला. तुझ्यासाठी मी मालकांशी खोटं बोललो, शाळेत खोटं बोललो, आईशी खोटं बोललो, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं मी किती चांगला भाऊ आहे. मी सोळाव्या वर्षी शिडीवर चढलो कारण घरात कोणीतरी चढायला हवं होतं. तुला चढायला लागू नये म्हणून चढलो. आणि तू खाली बसून फडकं हुंगत होतास. मला तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती आणि मी लिहिलं, ‘मी तुझ्यावर रागावलेली नाही’.

आई पाणी मागत होती ते वाचल्यावर मला तुझा तिरस्कार वाटला. एक पूर्ण दिवस. मग गेला. राग आहे अजून.

हे लिहू नये असं वाटतं आहे. पण लिहून झालं. वाचून फाडलंस तरी चालेल. उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीन.

तुझा दादा


२४ मार्च

मास्तर,

पत्र मिळालं. ताईंना दाखवलं नाही. नंतर दाखवलं.

दातवाल्याच्या पाटीचं मला आठवतं. मी हात फिरवला आणि तू आता ओरडशील म्हणून थांबलो होतो. हसत होतो ते त्याचसाठी. तू ओरडला नाहीस. फडकं घेतलंस आणि पुसायला लागलास. माझ्याकडे बघितलंस पण नाही. मी तिथे किती वेळ उभा होतो तुला माहीत आहे का. मला वाटलं, आता हा मला सोडून फक्त पाटीच दुरुस्त करणार.

तुझं पत्र वाचून मला राग आला आणि बरं पण वाटलं. दोन्ही एकदम कसं होतं ते ताईंना विचारलं तर म्हणाल्या, होतं.

रविवारी आई येते आहे. ती असली की आपल्याला बोलायला मिळणार नाही, तीच बोलते. म्हणून तू शनिवारी ये. शनिवारी भेट नसते, पण मी मागून घेतली आहे. एक तास. खोली पण ताईंची, त्या बाहेर बसणार आहेत.

आवाज वाढला तरी चालेल म्हणाल्या.

टिल्या